सुलतानचं पोट

सकाळी उठल्यावर इतर बायका नवऱ्याला चहा विचारतात. सुनंदाबाई टिपणीस विचारत, "पोट साफ झालं का?" आणि समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज चहाचं आधण ठेवत नसत. कृष्णकांतराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले, खुर्ची गेली, शिपाई गेला, पण ही हजेरी काही सुटली नाही. माणसाचं सगळं दुखणं पोटातून निघतं आणि पोटातच मिटतं, यावर बाईंचा देवाइतका विश्वास होता. ओवा, सुंठ, बाळहिरडा, जायफळ, हिंग आणि एरंडेलाची बाटली अशी त्यांची फौज स्वयंपाकघरातल्या फडताळात कायम सज्ज असे. पनवेलच्या तळ्याकाठच्या त्या तीन मजली इमारतीत कुणाचं पोट बिघडलं, की डॉक्टरच्या आधी टिपणीसांची बेल वाजायची. दहातल्या आठांना गुण यायचा. उरलेल्या दोघांनी पथ्य पाळलं नसणार, हे तपासून बघायचीही बाईंना गरज वाटत नसे.

त्या वर्षी बाईंना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे नातू. तसा तो झालेला होता, चांगला चार महिन्यांचा आणि गुटगुटीत होता, पण राहायला होता रुळांपलीकडे, नवीन पनवेलात. मुलगा विश्वजीत तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करायचा आणि सून ऋचा बेलापूरला बँकेत होती. तिची रजा जूनमध्ये संपत होती. त्यानंतर बाळ दिवसभर आजीकडे राहणार, हे बाईंनी इमारतभर सांगूनही टाकलं होतं. ऋचाने मात्र अजून हो म्हटलं नव्हतं. उलट आपल्या कॉलनीतलं एक पाळणाघर ती बघून आली होती.

घोडं अडलं होतं बाळगुटीपाशी. बाळाला उगाळून काहीही द्यायचं नाही, असं ऋचाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने ते सासूला सांगितलं तेव्हा सासू म्हणाली, "बरं बरं." हे 'बरं बरं' ऋचाच्या चांगल्या ओळखीचं होतं. तू बोलून घे, मी माझंच करणार, असा त्याचा अर्थ.

"आईंचा हात मायेचा आहे," ती विश्वजीतला म्हणाली, "पण सांगितलेलं त्या ऐकतात कुठे? अशा माणसाकडे बाळ ठेवून मी बँकेत बसू कशी?"

विश्वजीतने हे आईला जसंच्या तसं सांगितलं, कारण पुरुषांना अशा वेळी गप्प बसणं सुचत नाही. बाईंना ते फार लागलं. आपण ऐकत नाही? अख्खी इमारत आपलं ऐकते की!

मे महिन्यात वरच्या मजल्यावरची साबिरा मुलांना घेऊन दुबईला निघाली. तिचा नवरा वहाब तिकडे नोकरीला होता आणि हमझा नि फरहा पहिल्यांदाच अब्बांचं घर बघणार होते. प्रश्न होता सुलतानचा. सुलतान म्हणजे त्यांचा पिवळा बोका. अंगाने पैलवान, पोटाने मात्र नाजूक. आठ वर्षांची फरहा त्याला छातीशी धरून खाली आली तेव्हा रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"काकू, याचा मेदा फार नाजूक आहे हं," साबिरा सांगायला लागली. "दूध बिल्कुल द्यायचं नाही..."

"मांजराला दूध नाही?" बाईंना हसूच आलं. "अगं, उद्या म्हणशील माशाला पाणी नको!"

साबिरा बिचारी पुढेही बरंच काही सांगत होती. बाई "बरं बरं" म्हणत होत्या आणि मनातल्या मनात बोक्याचा खुराक ठरवत होत्या.

"आजी, याला नीट सांभाळाल ना?" फरहाने विचारलं.

"तू परत येशील ना, तर ओळखायची नाहीस, असा करते त्याला."

हा शब्द बाईंनी नको तितका खरा करून दाखवला. म्हशीचं सायीचं दूध, त्यात कुस्करलेली पोळी, रात्री टिपणीसांकडच्या कालवणातला मासा, तोही खोबऱ्याच्या वाटणासकट. सुलतान मिटक्या मारत जेवला आणि पहाटे त्याने कृष्णकांतरावांची चप्पल भरवून ठेवली. दुसऱ्या चपलेचीही तीच गत झाली. बाई जराही डगमगल्या नाहीत. जुलाब म्हटले की जायफळ. सोबत कुस्करलेलं केळं आणि भाताची घट्ट पेज. नाक दाबलं की तोंड उघडतं, या न्यायाने सगळं पोटात घातलं. जुलाब थांबले.

इतके थांबले, की मग काही होईनाच.

आता बाईंनी रेतीचं घमेलं बाल्कनीतून उचलून दिवाणखान्यात मधोमध आणलं. नजरेखाली असलेलं बरं. समोर पाट घेऊन त्या स्वतः बसल्या. सुलतान घमेल्यात उतरायचा, रेती हुंगायचा, वर बघायचा.

"हं, कर. झालं का रे?" बाई विचारायच्या.

सुलतान बाहेर यायचा.

"मला कळतं त्याचं दुःख," पेपरामागून कृष्णकांतराव म्हणाले. "मला निदान दाराला कडी आहे."

मग एरंडेल झालं. निम्मं बोक्याच्या मिशांना लागलं, निम्मं बाईंच्या पदराला, आणि पोटात गेलं असेल तेवढं उलटून बाहेर आलं. सुलतान पलंगाखाली जाऊन बसला. खाणं सोडलं, पाणी सोडलं, हाक मारली तरी कान हलवेना. बाई वरवर म्हणत होत्या, "होईल, होईल," पण रात्री त्यांचा डोळा लागत नव्हता.

शनिवारी सकाळी ऋचा बाळाला घेऊन आली. दोन दिवस राहून बघते, म्हणाली होती. कसली परीक्षा आहे हे दोघींनाही ठाऊक होतं. दारातून आत पाऊल टाकते तो काय, सासूबाई जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, बोका उताणा, एका वाटीत कालवलेला हिंग, आणि चष्मा लावून सासरे मांजराची बेंबी शोधत आहेत.

"केसांत सापडत नाही गं," कृष्णकांतराव कानकोंडे होऊन म्हणाले.

"सापडायला कशाला हवी? सगळ्या पोटालाच लावते." बाईंनी लेप फासला. लहान मुलाच्या बेंबीवर हिंग लावला की वायू सरतो, हे त्या शंभर बाळांवर करून चुकल्या होत्या. पण बाळ आपलं पोट चाटत नाही. सुलतानने चाटलं. पुढच्याच क्षणी त्याच्या तोंडातून फेसासारखी लाळ गळायला लागली, त्याने मान झटकली, दोन पावलं टाकली आणि भिंतीशी अंग टाकून दिलं.

बाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"मांजर दगावलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं म्हणतात," कृष्णकांतराव पुटपुटले.

"काशीला सोन्याचं देता येईल हो," बाईंचा आवाज चिरकला, "फरहाला काय देऊ?"

ऋचाने एक शब्दही सुनावला नाही. बाळ सासऱ्यांच्या मांडीवर दिलं, ओल्या फडक्याने बोक्याचं पोट पुसून काढलं आणि बाजाराची पिशवी उघडून धरली. सासू-सुना रिक्षाने गुरांच्या दवाखान्यात पोचल्या.

तिथे चिरनेरहून आलेला काशिराम नावाचा म्हातारा आपला बैल घेऊन उभा होता. पिशवीतून डोकावणारं तोंड बघून तो म्हणाला, "आमचा नंबर मागं घ्या डाक्टर. आमचा बैल दमानं घेल, त्या जीवाला दम नाय."

डॉक्टर धर्मराज म्हात्र्यांनी सुलतानचं पोट चाचपलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "आत नुसता खडा झालाय. काय काय दिलंत?"

मांजर शेजारणीचं, इथून बाई सांगू लागल्या. दूध, पोळी, कालवण, जायफळ, केळं, पेज, एरंडेल, हिंग. एरवी हीच यादी त्या ऐटीत म्हणून दाखवत. आज ती संपता संपेना.

"मोठ्या मांजराला बहुतेक वेळा दूध पचत नाही, म्हणून जुलाब," डॉक्टर हात धूत म्हणाले. "ते बांधायला तुम्ही जे दिलंत त्याने पोट बांधलं गेलं. त्यात पाणी कमी पडलं. मग ते सोडवायला एरंडेल. तुमचं एकेक औषध आधीच्या औषधावर आहे, बाई. मूळ दुखणं मला कुठे दिसतच नाही. ज्यांचं मांजर आहे, त्यांनी काय द्यायला सांगितलं होतं?"

"दूध देऊ नको म्हणाली होती."

"आणि?"

कुणाच्या मुलाला कुठल्या वर्षी गोवर आला होता हेसुद्धा त्यांच्या लक्षात असे. पण साबिरा त्या दिवशी दुधानंतर काय बोलली, यातला एक शब्द त्यांना आठवेना. विसरल्या नव्हत्या, तो कानात शिरलाच नव्हता. शेजारी ऋचा उभी होती. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा सुनेकडे वर मान करून बघवेना.

डॉक्टरांनी सलाईन दिलं, एनिमा देऊन वाट मोकळी केली. "आजचं मी निभावलं. उद्यापासून पोट त्याचं त्याने चालवायला हवं. त्याच्या सवयीचं खाणं विचारून घ्या आणि तेवढंच द्या. दोन दिवसांत स्वतःहून नाही झालं, तर मग अवघड आहे."

दवाखान्याबाहेर रिक्षा उभी होती. बाई रिक्षात बसल्या नाहीत.

"ऋचा, तू याला घेऊन घरी जा. साबिराने जाताना दिलेला नंबर माझ्या पाकिटात आहे. मी एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून दुबईला फोन लावते."

"मीही येते," ऋचा म्हणाली.

काचेच्या त्या खोक्यात दोघी आणि पिशवीतला बोका कसेबसे मावले. बराच वेळ लागला, पण फोन लागला. बाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"साबिरा, मी सुनंदाकाकू. सुलतान आजारी आहे. माझ्या हातून झालंय ते. तू जाताना सांगत होतीस आणि मी ऐकतच नव्हते. आता पहिल्यापासून सांग."

पलीकडून साबिरा सांगू लागली. बाई एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत गेल्या. "मासळी नुसती पाण्यात उकडून, मीठ नाही, मसाला नाही. बरं. थांब, काटे काढून आणि उकडलेलं पाणी त्यावरच ओतायचं. थोडं थोडं, तीनदा. लाल भोपळा शिजवून, चमच्याच्या टोकावर बसेल इतकाच. पाण्याचं भांडं घमेल्यापासून लांब. आणि? काय म्हणालीस, परत सांग... शरमतो?" बाईंचा चेहरा पडला. "घमेलं आडोशाला. कुणी बघत असलं की करत नाही. हो गं बाई, हो. आलं लक्षात."

मग फरहा फोनवर आली. "आजी, तो मरणार का?"

एरवी बाईंनी छातीठोक 'छे' म्हटलं असतं. "तुझ्या अम्मीने सांगितलंय तसं केलं तर बरा होईल," त्या म्हणाल्या. "आणि मी तसंच करणार आहे."

ऋचा काचेला टेकून हे सगळं ऐकत होती.

परतताना बाई मासळीबाजारात शिरल्या. नेहमीच्या भामाकडून मुडदुशे घेतले. आजाऱ्यालाही सोसणारी मासळी ती. "मीठ नाय, मसाला नाय?" भामाने हात नाचवले. "मंग त्या खानार कोन?" "ज्याला कळतं तो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा थोडा परत यायला लागला होता.

त्या दुपारी घमेलं न्हाणीघरामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेलं आणि तिकडे कुणी फिरकायचं नाही असा हुकूम सुटला. हुकूम पाळणं सगळ्यांत जड गेलं ते हुकूम सोडणाऱ्या बाईंनाच. दहादा उठल्या, दहादा बसल्या. सुलतानने उकडलेला मासा हुंगला, तोंड फिरवलं, मग संध्याकाळी परत येऊन दोन घास खाल्ले. रविवारी सकाळी थोडं जास्त. बाईंच्या हातांना नुसतं बसवत नव्हतं. एक चिमूट ओवा, नुसती एक चिमूट, असं जिभेवर यायचं आणि त्या गिळून टाकायच्या. ऋचाला ते दिसत होतं. सासूबाईंना हे किती जड जातंय, हे तिच्याइतकं त्या घरात कुणालाच कळत नव्हतं.

रविवारी दुपारी सगळे जेवत असताना न्हाणीघरामागून रेती खरवडल्याचा आवाज आला. सगळ्यांचे घास हातात राहिले. आवाज थांबला. पुन्हा आला. मग सुलतान शेपटी उभारून बाहेर आला, कुणाकडेही न बघता उन्हात जाऊन बसला आणि पंजा चाटू लागला. बाई धावत कोपऱ्यात गेल्या.

"झालं!" त्या तिथूनच ओरडल्या. "अहो, अगदी व्यवस्थित झालं!"

पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. साबिराला फोन गेला, डॉक्टरांना निरोप गेला, आणि आठवडाभरात मांजराला दूध द्यायचं नसतं, हे सुनंदाबाई इमारतीत अशा थाटात सांगू लागल्या की शोध जणू त्यांनीच लावला होता. तळमजल्यावरच्या कुमारने आपल्या मनीपुढे दुधाची बशी ठेवलेली दिसली, तर त्याला जिन्यातच उभं करून भोपळ्याचं माप ऐकवलं. फरहा परत आली तेव्हा सुलतान पहिल्यासारखाच झालेला होता, आणि तिने त्याला लगेच ओळखलं. बाईंना याहून मोठं बक्षीस नको होतं.

पण खरा निकाल अजून लागायचा होता. ऋचा काही बोलली नव्हती आणि विचारायचा धीर बाईंना झाला नव्हता.

जूनमधल्या एका सोमवारी सकाळी बेल वाजली. ऋचा दारात उभी होती, खांद्यावर बँकेची पर्स, कडेवर बाळ आणि हातात बाळाच्या दुपट्यांची पिशवी. बाई सूचना ऐकायला अगदी सरसावून उभ्या राहिल्या. दूध कधी, झोप कधी, काय चालेल, काय नाही. या खेपेला एक शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"सांग," त्या म्हणाल्या.

"दूध पिशवीत आहे," ऋचा म्हणाली. "बाकी काही नाही, आई. अडलं तर तुम्ही विचाराल मला."

बाईंनी तिच्या हातातून पिशवी घेतली. मग त्या म्हणाल्या, "गुटी देणार नाही हो मी. मला अजून पटलेलं नाही. पण देणार नाही."

ऋचा हसली. बाळ तिने सासूच्या हातांत दिलं आणि मागे वळूनही न बघता जिना उतरून गेली. सुनंदाबाई दारात उभ्याच राहिल्या. डोळे भरून आले होते, आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.