गजक आणि रेवडी

लग्न होऊन अवंतिका ग्वाल्हेरला आली ती आपले दोन गिनी पिग घेऊनच. शिंदे की छावनीतल्या त्या घरात आजवर कुणी पोपटही पाळला नव्हता. पण सासूबाईंनी, उषाताईंनी, दोघींना ओंजळीत घेतलं आणि त्या विरघळल्याच. अवंतिकेनं ठेवलेली इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिळाच्या मिठायांवरून तांबूस ती गजक आणि पांढरी ती रेवडी असं बारसंही त्यांनी करून टाकलं.

उषाताईंना कुणाचं पोट रिकामं बघवत नसे. अवंतिका बँकेत गेली की त्या पिंजऱ्यापाशी बसून दोघींना पोळीचा तुकडा द्यायच्या, बिस्किट द्यायच्या, एकदा तर दहीभातही. अवंतिकेनं सकाळी भरून ठेवलेलं वाळलं गवत संध्याकाळी तसंच पडलेलं असे. दिवसभर गवत चघळायचं, जोडीला पालेभाजी आणि सिमला मिरचीचा तुकडा, एवढंच यांचं खाणं, हे तिला ठाऊक होतं. पण सांगायला जीभ रेटेना.

"तूच बोल ना आईंशी," तिनं नवऱ्याला, राघवला म्हटलं.

"अगं, प्यार से खिलाती है. कुछ नहीं होता," म्हणून तो कामासाठी भोपाळला निघून गेला.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती घरी आली तर उषाताई दारातच उभ्या होत्या. "रेवडी सकाळपासून काही खाईना गं. शिरासुद्धा नको म्हणते."

रेवडी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. केस पिंजारलेले, आणि पिंजऱ्यात तिच्या बाजूला एकही ताजी लेंडी नाही. अवंतिकेनं उकाड्यामुळे टोपलीत ओला टॉवेल अंथरून दोघींनाही घेतलं. एकटी पडली असती तर रेवडी आणखी घाबरली असती. रिक्षा करून सासू-सून मुरार भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर विक्रमसिंहांनी रेवडीचं पोट बोटांनी हळूच चाचपलं. "रोटी-वोटी खिलाते हैं क्या?"

उषाताई म्हणाल्या, "हाँ जी. मैं खिलाती हूँ. रोज."

"माताजी, इनका पेट घास से चलता है. चलना बंद हुआ तो जान पर बन आती है." त्यांनी इंजेक्शन दिलं आणि गवताच्या गोळ्या पाण्यात कालवून सिरिंजनं थोड्या थोड्या वेळानं भरवायला सांगितलं. बाकी सगळं बंद.

परतताना रिक्षात उषाताईंनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि आता काय बरं वाटतंय मला?"

अवंतिकेनं मांडीवरच्या टोपलीवर हात ठेवला, आणि जरा वेळानं उषाताईंनीही ठेवला.

घरी आल्यावर उषाताईंनी रेवडीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं आणि अवंतिकेनं सिरिंज तिच्या ओठांच्या कडेला लावली. पहिला घास रेवडीनं थुंकला. दुसरा अर्धा सांडला. तिसऱ्याला मात्र तिचा जबडा हलू लागला, तशा उषाताई पुटपुटल्या, "खा गं माझी बाई."

दुसऱ्या दिवशी अवंतिकेनं रजा मागितली, ती मिळाली नाही. दुपारी ऐन गर्दीत तिचा फोन वाजला. "अगं, लेंड्या टाकल्या!" उषाताई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारच्या काउंटरवरच्या बाई वळून बघू लागल्या. "चांगल्या मूठभर आहेत! आणि गवत ओढतेय, गजकच्या तोंडातलं ओढतेय!"

अवंतिकेला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

संध्याकाळी दोघी कूलरसमोर चहा घेत बसल्या. वाऱ्याचा झोत थेट लागू नये म्हणून पिंजरा जरा बाजूला सरकवला होता. आतून चघळण्याचा बारीक आवाज चालू होता.

"आणखी काय काय मनात दाबून बसली आहेस? आत्ताच सांगून टाक बाई," उषाताई म्हणाल्या.

अवंतिकेनं हातातल्या कपाकडे पाहिलं. "चहा फार गोड होतो, आई."

"राघवचे बाबा गेले, तरी मी त्यांच्याच हिशोबानं साखर टाकत आले," उषाताई हळूच म्हणाल्या. "खरं सांगू? मलाही गोडच लागतो गं."

दोघींचे कप अर्धे भरलेलेच राहिले. उषाताई उठल्या आणि त्यांनी नवं आधण ठेवलं.