आवाज न करणारी गाडी

मास्तरांनी पेडल दाबलं आणि कान दिला. काहीच ऐकू आलं नाही.

"चालू आहे का ही?"

"चालूच आहे की, काका!" मागच्या सीटवरून विक्रेता हसला. "मांजर जास्त आवाज करेल हिच्यापेक्षा. सीट तुमच्या मापाने लावून देऊ का?"

"मापं मी घेतो लोकांची," मास्तर म्हणाले, पण हसू काही जमलं नाही.

सकाळपासूनची ही तिसरी गाडी. पहिल्या दोन त्यांनी नापसंत केल्या होत्या आणि कारण सांगायची सोय नव्हती. चाळीस वर्षं शिलाईचं मशीन चालवलेला त्यांचा उजवा पाय साखरेच्या आजाराने बधिर झाला होता. चप्पल पायात आहे की नाही, हे खाली बघून ठरवावं लागे. दुकानात काही अडत नसे. मशीनच्या आवाजावरून पाय किती दाबला गेलाय ते त्यांना कळायचं, आणि तीच युक्ती त्यांनी गाडीला लावली होती. जुनं धूड गुरगुरलं की पाय हलका, केकाटलं की जड, आणि करकरलं की ब्रेक. वर्षभर असं निभावलं. डॉक्टरला सांगितलं नाही, लेकीला नाही, बायकोला तर नाहीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आता जुन्या गाडीनेच मान टाकली होती. मेकॅनिकने तिच्या तळाच्या पत्र्यातून बोट आरपार घालून दाखवलं होतं. "मास्तर, ठिगळ लावायलासुद्धा कापड उरलं नाही हिच्यात." आणि सोमवारी शाळा उघडणार होती. लेक-जावई पहाटेच कामावर जात, म्हणून नातीला शाळेत सोडायचं ते मास्तरांनी. सात वर्षांची पोर, मागे बसून तोंडाचा पट्टा चालू. तिची आठवण झाली की मास्तरांना किल्ली कायमची ठेवून द्यावीशी वाटायची. पण गाडी सोडली तर आपण कुणाच्या काय कामाचे, या विचाराने ती पुन्हा उचलली जायची.

शेजारी बसलेल्या बायकोचं आज वेगळंच चाललं होतं. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नसे, तरी प्रत्येक गाडीत शिरली की आधी दोन सीटांच्या मध्ये बघायची आणि नाक मुरडायची.

"हिच्यातही तो दांडा नाहीच."

"काकू, हँडब्रेक आता बटणावर असतो. तो बघा, काकांच्या पलीकडे."

"मग नको ही."

"अगं, पण तुला काय करायचंय दांड्याशी?" मास्तर वैतागले.

"हात ठेवायला बरा पडतो."

विक्रेत्याने खिडकीकडे तोंड करून हसू गिळलं. "घ्या काका, एक चक्कर मारा. मागचा रस्ता मोकळाच असतो."

मास्तरांनी गाडी काढली. कोपऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. वळल्यावर समोरून एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन रस्ता ओलांडू लागला. मास्तरांनी पाय उचलला, ब्रेकवर ठेवला आणि दाबला. निदान त्यांना तसं वाटलं. कान करकर शोधत राहिले आणि गाडी मुकाट्याने सुसाट निघाली.

त्यांनी खाली पाहिलं. बूट ब्रेकवर नव्हताच, वेगाच्याच पेडलवर होता.

मांडी हाताने धरून त्यांनी पाय सरकवला आणि होता नव्हता तो जोर लावला. गाडी गचका खाऊन थांबली, शिडीपासून चार हातांवर. रंगाऱ्याने एक शिवी हासडली आणि तो निघून गेला.

"नव्या गाडीला होतं असं, काका," विक्रेता म्हणाला. त्याचा आवाज मात्र चिरकला होता.

तेच बायकोला सांगायला मास्तर वळले, आणि त्यांची नजर खाली गेली. तिचा हात दोन सीटांच्या मध्ये, पाण्याची बाटली ठेवायच्या खळग्यात घुसला होता. मूठ घट्ट आवळलेली. नसलेला दांडा ती अजून वर ओढत होती.

गेलं वर्षभर ती रोज सकाळी शाळेपर्यंत सोबत यायची. वारं खायला, म्हणायची. रोज तिचा हात त्या दांड्यावर असायचा. म्हातारपणी बायकोला आपली सोबत गोड लागतेय, असं मास्तरांना वाटायचं.

"कधीपासून ठाऊक आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"एका पायात चप्पल घालून दुकानात गेला होतात ना, त्या दिवसापासून. दुसरी उंबऱ्यातच पडली होती."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

मास्तरांनी गाडी बंद केली. खाली बघत, पाय जपून टाकत, टपाला धरून ते पलीकडे गेले आणि तिचं दार उघडलं.

"उतर. तिकडे बस."

"अहो, मला कुठे येते चालवता?"

"शर्टाची काजं करायला तरी कुठे येत होतं? आता गिऱ्हाईक तुझीच काजं मागतं."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी बसने. तिघं जाऊ."

ती उतरली. पदर खोचून पलीकडे गेली. स्टिअरिंगसमोर बसल्यावर तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. विक्रेत्याला काय करावं सुचेना.

"मग सीट कशी लावू, काका?"

"हिच्या मापाने," मास्तर शेजारी बसत म्हणाले. मग दोन सीटांमधल्या त्या रिकाम्या खळग्यात त्यांनी हात घालून पाहिला. "आणि दांडा असलेली एखादी असेल तर ती दाखवा. आता मला लागेल."