समोरासमोर न आलेल्या जावा

किनखेडे सरांनी माझा कागद वर्गासमोर उंच धरला तेव्हा मला वाटलं, आता कौतुक होणार. सायंकालीन कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोनच बायका. त्यातली मी दिवसभर प्राथमिक शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेऊन आलेली, आणि तरी निबंधाचा आराखडा सगळ्यांच्या आधी दिलेला. कौतुक व्हायला काही हरकत नव्हती.

‘गोपिकाबाई,’ सर म्हणाले, ‘थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ यांची तुलना करायची, आणि तिसऱ्या अंकात त्या समोरासमोर येतात त्या प्रवेशाचं नावसुद्धा नाही? सगळा जीव तिथेच तर आहे.’

‘सर, त्या समोरासमोर येतच नाहीत,’ मी म्हणाले.

वर्ग हसला. हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते. नेमलेलं नाटक बाकीच्यांनी गाइडातून वाचलं असेल, मी ते भिवापूरच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, सावनेरला आणि आणखी कुठंकुठं पाहिलं होतं. त्याची प्रत माझ्या घरात होती. माझा नवरा मिलमधल्या हौशी नाटकमंडळीत बायकांची कामं करायचा आणि या नाटकात तर थोरली तोच आणि धाकटीही तोच. तेव्हा मी नेटानं सांगितलं, ‘असा प्रवेश नाटकात नाही सर. तुमची काहीतरी गल्लत होते आहे.’

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘बाई, आधी नाटक वाचा. शनिवारी नवा आराखडा आणा. नसेल जमत तर यंदाची परीक्षा राहू द्या, पुढच्या वर्षी बसा.’

पुढच्या वर्षी! सर किती सहज म्हणून गेले. मला पुढचं वर्ष कुठं होतं? संक्रांतीनंतर आमचं बिऱ्हाड सावनेरला हलणार होतं. मिलचं काही खरं नाही म्हणून देवाजीदादांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, तिकडच्या कोळशाच्या खाणीवर ह्यांच्यासाठी टाइमकीपरची जागा बघून ठेवली होती आणि ह्यांनी होकार देऊन टाकला होता. परीक्षा मार्चमध्ये. जानेवारीत गेलं की हजेरी बुडणार, हजेरी बुडाली की परीक्षा बुडणार, आणि बी.ए.शिवाय हायस्कूलची मास्तरीण होणं विसरायचं, जन्मभर पाढेच घोकायचे. मी त्यावर घरात काही बोलले नव्हते. काय बोलायचं? बायको रोज संध्याकाळी पुस्तकं घेऊन कुठं जाते हे घरातल्या माणसाला दिसत नाही का?

विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस, बसला उभं राहायला जागा नाही. मी तणतणत पायीच घरी आले. शालिकराम, म्हणजे आमचे हे, पहिल्या पाळीवरून येऊन, चहा पिऊन, खाटेवर बसून केसांच्या टोपातला गुंता काढत होते. बायकोचे केस विंचरायला मी कोणाला सवड असलेली पाहिली नाही, पण टोपाला होती.

‘तिसऱ्या अंकात दोघी जावा एकमेकींसमोर येतात का?’ मी दारातूनच विचारलं.

‘येतात ना.’

‘येतात?’

‘पुस्तकात येतात. आम्ही कापला तो सीन.’ टोपातली गाठ सोडवत ते म्हणाले, ‘धाकटीचा पार्ट नत्थूचा होता. त्याचं लगन झालं अन् बायकोनं मिशा काढू देल्या नाही. मग दोनी पार्ट माह्याकडं. मी एकटा माणूस, माह्या समोर मीच कसा उभा राहीन? त्या जागी आमचं नाटक बसवणाऱ्या भैयाजीनं गाणं टाकलं. पब्लिकले लय आवडते ते गाणं.’

मला ते गाणं आठवलं. मीही त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

‘पण मी तर पुस्तक वाचलं! अख्खं वाचलं!’

‘ते भैयाजीचं पुस्तक आहे वं. प्रॉम्प्टिंगच्या वक्ती त्यानं चुकून तीच पानं वाचू नये म्हणून चिकटवून टाकली. मिलमधली खळ लावली. लय पक्की बसते.’

कापडाच्या सुताला लावायची ती खळ! पुस्तक उघडून पाहिलं तर मधलं एक पान पुठ्ठ्यासारखं जाड. आजवर मला वाटायचं, पावसात भिजून फुगलं असेल. पानांचे आकडे पाहायचं काही सुचलं नव्हतं, कारण नाटक पाठ होतं ना! सगळ्या वर्गासमोर मी प्राध्यापकाला गल्लत करता म्हणून सांगून आले होते.

‘मले एका शब्दानं सांगितलं नाही तुम्ही.’

‘मले काय माहीत तुह्या सरले तोच सीन पाहिजे? अन् फरकच लिहाचा ना? मी सांगतो. दोघी माह्याच आहेत.’ ते उभे राहिले, टॉवेल डोक्यावरून घेतला. ‘थोरली अशी चालते. खाली पाहून, सावकाश. लुगडं लाल. धाकटी टाचा आपटत येते, लुगडं हिरवं. थोरली बोलली का बाया रडतात. धाकटी बोलली का गडी हसतात. झाला ना फरक?’

‘लुगड्याचे रंग लिहू मी बी.ए.च्या निबंधात?’

‘पाहणाऱ्याले त्याच्यावरूनच समजते, कोण कोणती आहे ते.’

मला भांडं फेकावंसं वाटलं. गंमत म्हणजे माझा आराखडा तरी काय वेगळा होता? साम्य: दोघी एकाच घरात दिल्या, दोघींचं कोणी ऐकत नाही. भेद: थोरली सोशिक, धाकटी फटकळ. निष्कर्ष: सोशिकपणाच श्रेष्ठ. हा निष्कर्ष मला अजिबात पटत नव्हता, पण परीक्षकांना तो आवडतो म्हणे. आपण स्वतः कोणत्या गटातल्या, याबद्दल मला शंका नव्हती. रॉकेलच्या रांगेत माझा आवाज सगळ्यात वर असतो. मला कोण थोरली म्हणेल?

पातेल्यात पाणी ठेवलं, उकळलं, आणि ते जाड पान वाफेवर धरलं. बोटं भाजली. शालिकराम शेजारी उभे राहून सल्ले देत होते, हळू कर, फाटंन, इकडून धर. मी म्हटलं, तुमची मंडळी चिकटवते आणि मी सोडवत बसते, आता गप्प बसा. शेवटी कड सुटली. आतली अक्षरं पुसट झाली होती, तरी वाचता येत होती.

‘तुम्ही थोरलीचं वाचा, मी धाकटीचं वाचते,’ मी म्हणाले.

त्यांना आनंदच झाला. कितीतरी दिवसांनी समोर दुसरं माणूस मिळालं होतं. त्यांनी टॉवेलाचा पदर नीट केला.

मी वाचलं, ‘जाऊबाई, उद्या घराच्या मधोमध भिंत घालणार आहेत. आपल्याला कोणी विचारलं का? तुम्ही एकदा भाऊजींना म्हणा की भिंत नको. तुमचं ऐकतील ते.’

त्यांनी बायांना रडवणाऱ्या आवाजात वाचलं, ‘नाही गं बाई. मी नाही म्हणायची.’

‘इतका कसला सोशिकपणा, जाऊबाई? देवी झालात की काय?’

‘सोशिक नाही गं मी. भित्री आहे. मी विचारलं आणि ते नाही म्हणाले, तर मला कळेल की या घरात माझं कोणीच नाही. मग इथं राहायचं कसं? विचारलंच नाही, तर ऐकलं असतं म्हणून तरी राहता येतं.’

‘पुन्हा वाचा,’ मी म्हणाले. ‘रडू नका. साधं वाचा.’

त्यांनी साधं वाचलं.

मला आधी भैयाजीचा राग आला, मग नत्थूच्या मिशांचा, मग त्या गाण्याचा. एवढं वाक्य खळीखाली दडपून वर गाणं म्हणत हिंडले मेले. थोरली सोशिक नव्हतीच. आणि मग राग धरायला दुसरं कोणी उरलं नाही. सावनेरचं ठरल्यापासून मी रॉकेलवरून भांडले होते, टोपावरून भांडले होते, नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी भांडले होते. मला जायचं नाही, एवढं मात्र एकदाही म्हटलं नव्हतं. टाचा आपटत होते तेवढंच. मला स्वतःची फार लाज वाटली.

‘पुढं तुहं वाक्य आहे,’ शालिकराम म्हणाले.

‘मले सावनेरले नाही यायचं,’ मी म्हणाले. ‘परीक्षा होईस्तोवर नाही यायचं.’

ते पानावर बोट फिरवत शोधायला लागले. ‘हे कुठं लिहिलं आहे?’

‘कुठंच नाही. माहं मी म्हणून राहिली.’

त्यांचं बोट थांबलं. डोक्यावरचा टॉवेल त्यांनी हळूच काढून खांद्यावर टाकला. मोरीत जाऊन उगाच पाय धुऊन आले. मग खाटेच्या कडेला बसले.

‘इतके दिवस काहून नाही बोलली वं?’

‘तुम्ही नाही म्हटलं असतं तर?’

शालिकरामांना खोटं बोलता येत नाही. खोटं रडता येतं, लाजता येतं, पण बोलता येत नाही.

‘म्हटलंच असतं,’ ते म्हणाले. ‘दादाले होकार देऊन बसलो होतो. नाहीच म्हटलं असतं.’

झालं. ज्याला इतके दिवस भीत होते ते ऐकून झालं. लागलं, चांगलंच लागलं. पण घर जागच्या जागी होतं, चुलीवर पाणी उकळत होतं, आणि मी उभीच होते.

‘अन् आता?’ मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. मंडईतल्या गर्दीसमोर दोन दोन बायका होऊन उभा राहणारा हा माणूस, पण मोठ्या भावाचं नाव निघालं की त्याचा आवाज बसायचा. तसाच बसला होता.

‘आता दादाकडं जाऊ,’ ते म्हणाले. ‘पण दोघं जाऊ. त्याले आजवर कोणीच “नाही” म्हणून पाहिलं नाही.’