मायेने जाम झालेला नॉब

मित्रांनो, मला तुम्ही पाहिले असेल, पण माझे नाव कधी विचारले नसेल. डोंगरावर चालवायच्या सायकलला पुढे दोन जाड नळ्या असतात. धक्के पोटात घालणारा तो शॉकअप. त्याच्या उजव्या नळीच्या डोक्यावर बसलेला निळा नॉब म्हणजे मी. मला एका बाजूला फिरवले की शॉकअप मोकळा होतो; दुसऱ्या बाजूला फिरवले की साहेबांसमोर बसल्यासारखा ताठ होतो.

कारखान्यातून मी गुळगुळीत आलो. माझी मालकीण चढावर मला आवळायची, उतारावर सोडायची. माझी टकटक ऐकून म्हणायची, "शहाणा आहे माझा!" मीही फुगायचो.

मग एकदा वाळूवरून घसरून तिचे मनगट मोडले. ती बरी होईपर्यंत सायकल तिच्या मामांकडे राहिली. मामा मायाळू माणूस. सायकल चालवायचे नाहीत, धुवायचे. गाडीचा लिंबाच्या वासाचा साबण आणि वर जोराचा फवारा, थेट माझ्या मानेत. शेजारी म्हणत, "वा, काय ठेवलीय सायकल!" मामा लाजत. मी बाहेरून चकाकत होतो आणि आतून कुजत होतो. फिरवून मात्र मला कोणी पाहिले नाही.

आज सकाळी भाची सायकल न्यायला आली. मनगटाला धक्का बसता कामा नये, या अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिली होती. मैत्रिणी डोंगराच्या पायथ्याशी थांबल्या होत्या. तिने मला धरून फिरवले. मी आवळलेल्या जागीच अडकलो होतो, म्हणजे शॉकअप ताठ आणि प्रत्येक धक्का थेट तिच्या मनगटात. जीव तोडूनही हललो नाही.

"मीच आवळून ठेवला होता," ती हिरमुसून म्हणाली. "चूक माझीच. राहू दे आता डोंगर."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मामांनाही झाले असावे, कारण ते काही न बोलता पक्कड घेऊन आले.

"मामा, पक्कड खाली ठेव. दात उमटतील त्याला."

"अगं, थोडासाच पिळतो."

"तू थोडंसं काही करतोस का कधी?"

तिने माझ्या कुशीतला बारीक स्क्रू काढला, तेलाचे थेंब सोडले, वाट पाहिली आणि मला डावीउजवीकडे हलवत हळूहळू वर उचलले. खाली गंजाची पांढरी भुकटी साचली होती. माझी टकटक करणारी आतली इवलीशी पोलादी गोळी आणि स्प्रिंग मामांनी ओंजळीत झेलली. भाचीने मला नाकाशी नेले.

"मामा, ह्याला लिंबाचा वास का येतोय?"

मामा ओंजळीतच पाहत राहिले. "रविवारी धुवायचो गं."

"नुसतं रविवारी?"

"बुधवारी पण. फवाऱ्याने." त्यांनी मान वर केली. "चूक तुझी नाही, माझी आहे. मघाशी तू स्वतःला बोल लावत होतीस, तेव्हाच सांगायला हवं होतं."

तिने जुना टूथब्रश त्यांच्या पुढ्यात ठेवला. "घास. आणि पाण्याला हात लावलास तर बघ!"

मामांनी मला असे घासले, जणू शिक्षा कमी पडत होती. मग ग्रीसचा पातळ हात, गोळी, स्प्रिंग, मी, स्क्रू. तिने मला फिरवले. टक्! हँडल दाबताच शॉकअप खाली बसला आणि हळूच वर आला. ती निघाली. मामा दारात उभे राहून ती वळेपर्यंत तिच्या मनगटाकडेच पाहत होते.

मित्रांनो, आम्हाला पुसा, पण अधूनमधून फिरवाही. नुसत्या मायेने आम्ही जाम होतो. आणि तुमच्या हातून काही बिघडलेच, तर दुसरा स्वतःला दोष देत असताना पक्कड शोधायला जाऊ नका. आधी तोंड उघडा. वेळेवर उघडले नाही, तर तेही जाम होते.