शिकाऊ सर

“सर, आधी कमरेचा पट्टा,” जॅरड खालून म्हणाला. म्हणाला कसला, खाकरलाच.

मर्विन टॅटलो शिडीच्या वरच्या टोकाला पोचला होता. एका हातानं खांब कवटाळून दुसऱ्या हातानं तो पान्हा काढू पाहत होता, आणि खांबाभोवती आवळायचा पट्टा त्याच्या कमरेला तसाच लोंबत होता.

“हो, हो. लक्षात आहे,” मर्विन वरून म्हणाला आणि घाईघाईनं पट्टा आवळला.

नोएलीन गाडीच्या पायरीवर चहा पीत बसली होती. लाइनच्या कामात तिची हयात गेली होती. तिनं कपातला उरलेला चहा गवतावर फेकला.

“ओरड की त्याच्यावर! मी पट्टा विसरले असते तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास.”

“त्यांना माहितीये गं. विसरले इतकंच.”

“विसरला म्हणून खाली पडायचा राहतो का माणूस? आणि ते सर-सर बंद कर आधी. शिकाऊ आहे तो. तुझ्या हाताखालचा.”

जॅरडनं हसून मान हलवली. त्याला ते जमणार नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

टास्मानियाच्या वायव्य टोकाला, जिथं वारा सहसा थांबत नाही आणि गाई माणसांपेक्षा जास्त, तिथल्या स्मिथटन गावात मर्विननं उभं आयुष्य विज्ञान आणि गणित शिकवलं होतं. मग वरचे वर्ग बर्नीच्या मोठ्या शाळेत हलवले. मर्विनला सांगण्यात आलं, कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी या. एक वर्ष त्यानं तसं केलं. दुसऱ्यांच्या वर्गात, दुसऱ्यांच्या फळ्यावर. पोरं त्याचं नावही विचारीनात. त्याच सुमाराला वीज कंपनीनं लाइनच्या कामासाठी शिकाऊ माणसं मागवली, वयाची अट नाही म्हणून.

“पोरं पुढच्या वर्षी सगळं विसरतात,” तो बायकोला, जूनला म्हणाला. “खांब उभा केला की उभा राहतो.”

“तुझे गुडघे राहतील का उभे?” जून म्हणाली. पण तिनं अडवलं नाही. घरात बसलेला मर्विन तिनं वर्षभर पाहिला होता.

मुलाखतीला समोर बसलेल्यांत जॅरड होता. जॅरड म्हणजे मर्विनच्याच वर्गातला. बापाबरोबर पहाटे खेकड्यांचे सापळे ओढून शाळेत यायचा आणि शेवटच्या बाकावर झोपायचा. मर्विननं त्याला शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसवून गणित घोटून घेतलं होतं. लाइनमनच्या परीक्षेला स्वतःच्या गाडीतून बर्नीला नेलं होतं आणि परतताना कोंबडीचा पाय खाऊ घातला होता. आता तोच पोरगा इथल्या टोळीचा मुकादम होता. मर्विनला बघून तो मुलाखतीच्या खुर्चीतून उठून उभा राहिला. बाकीचे बघतच राहिले.

नोकरी मिळाली. आणि मर्विन कामाला काही वाईट नव्हता. गाठी लवकर शिकला, पावसापाण्याला कुरकुरला नाही. फक्त त्याला चूक दाखवलेली खपत नसे. नोएलीननं दाखवली की तो गप्प व्हायचा आणि दिवसभर तिच्याशी मोजकं बोलायचा. जॅरड तर दाखवतच नसे. सरांनी बांधलेली गाठ तो सरांची पाठ वळली की हळूच सोडून पुन्हा बांधायचा. जड सामान सरांच्या हातात जाण्याआधी आपल्या खांद्यावर घ्यायचा. कामाचा कागद भरला की “सर, स्पेलिंग बघता का जरा?” म्हणून पुढे करायचा. मर्विन खिशातून पेन काढायचा, आणि तेवढा वेळ त्याचे खांदे ताठ व्हायचे.

“जॅरड तुला घाबरतो,” एकदा रात्रीच्या जेवणावर जून म्हणाली.

“घाबरत नाही. मान देतो.”

“तुझ्या वर्गात दोन्ही एकच होतं, मर्विन.”

मर्विन बटाटे चिवडत बसला.

ऑगस्टमध्ये मोठं वादळ आलं. रात्रभर छपरं वाजत होती. सकाळी अर्ध्या भागात वीज नव्हती. तिघं दिवसभर झाडं कापत आणि तारा जोडत फिरले. दुपार कलल्यावर ते मॉन्टॅग्यूच्या रस्त्याला आले. तिथं निलगिरीचं झाड पडून लाइन मधोमध तुटली होती. एका बाजूचा तुकडा गावाकडून येणारा. दुसऱ्या बाजूचा तुकडा दलदलीचं कुरण ओलांडून एकाच डेअरीकडे जाणारा. ती डेअरी बार्ट नावाच्या डच म्हाताऱ्याची.

जॅरडनं गावाकडचा स्विच उघडला. तपासकाठी लावून दोन्ही तुकडे पाहिले. दोन्ही मेलेले.

“सर, तुम्ही दोन्ही बाजूंना अर्थिंग करता? मी आणि नोएलीन गाडीवरचा उचलता पाळणा लावतो तोवर.”

मेलेल्या तारेलाही जमिनीशी बांधून ठेवायचं, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसात न शिरता मातीत जाते. पोराटोरांनाही समजेल असा नियम. आणि तो दोन्ही बाजूंना करायचा.

गावाकडची बाजू रस्त्यालगत होती. मर्विननं ती नीट केली, प्रत्येक चिमटा आवळून पाहिला. मग त्यानं कुरणाकडे पाहिलं. पलीकडच्या खांबापर्यंत काळं पाणी साचलं होतं. सकाळपासून त्याचा डावा गुडघा सुजला होता. खांद्यावर अर्थिंगच्या तारांचं ओझं, ती लांब काठी. त्यानं मनाशी हिशेब केला, फळ्यावर केला असता तसा. वीज येते गावाकडून. ती बाजू आपण बांधली. पलीकडे एक गोठा आहे फक्त. गोठ्यातून वीज कुठून येणार?

तो थोडा वेळ झुडपाआड उभा राहिला. मग गाडीकडे परत आला.

“सर, झालं दोन्हीकडे?” जॅरड पाळण्यात चढत होता.

“झालं.”

खरं तर मुकादमानं स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहायचं असतं. नोएलीनचं पाहायला तो न चुकता जायचा. नोएलीन पाळण्याच्या खटक्यांपाशी होती. तिनं जॅरडकडे पाहिलं. जॅरड एक क्षण घुटमळला, पण सरांच्या तोंडावर, त्यांच्या देखत, त्यांचा शब्द तपासायला जायचं? त्यानं टोपीचा पट्टा आवळला आणि वर जायची खूण केली.

पलीकडे बार्टच्या गाई सकाळपासून दूध न काढल्यानं तुंबल्या होत्या आणि हंबरत होत्या. त्यानं शेजाऱ्याचा जनरेटर ट्रॅक्टरला लावून आणला. गोठ्याचा मुख्य स्विच आधी बंद करायचा असतो, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलेलं तो विसरला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं जनरेटर सुरू केला. वीज गोठ्यात गेली, आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटी, कित्येक पटींनी चढून, तारेत आली.

जॅरडनं ती तार उजव्या हातात धरली होती.

आवाज फार मोठा झाला नाही. मर्विनला आधी वाटलं, फांदी मोडली.

“हात लावू नकोस!” नोएलीन ओरडली. मर्विन गाडीकडे धावला होता. “गाडीपासून लांब हो! ती बाजू चालू आहे! कशी काय चालू आहे, मर्विन?”

मर्विन कुरणातून पळत सुटला. जे पाणी त्यानं मघाशी ओलांडलं नव्हतं, तेच तो मांड्यांपर्यंत बुडत, पडत, उठत ओलांडत होता. गुडघ्याचं त्याला भानही नव्हतं. गोठ्यात रेडिओ लागला होता. बार्ट एका गाईच्या सडांना यंत्र लावत होता.

“आली का लाइट?” म्हातारा हसून म्हणाला. “मी म्हटलं, तुमचं होईपर्यंत या गरीब जनावरांचं उरकून घ्यावं.”

मर्विननं जनरेटर बंद केला आणि तिथंच शेणात बसला.

जॅरडला हेलिकॉप्टरनं होबार्टला नेलं. जगला. उजवा हात कोपराखाली कापावा लागला.

त्याच संध्याकाळी, गाडीत बसल्या बसल्या, मर्विननं नोएलीनला सांगितलं. “मी पलीकडे गेलोच नव्हतो.”

तिनं गाडी चालू केली होती, ती बंद केली.

“मी तुला शिव्या घातल्या की तुला राग यायचा,” ती म्हणाली. “त्याला सांगत होते मी. तूही घाल म्हणून.” मग ती उतरली आणि डेपोपर्यंत पायी गेली.

चौकशी झाली. मर्विननं काही लपवलं नाही. मी झालं म्हणालो, झालेलं नव्हतं, एवढंच त्यानं तीन-तीनदा सांगितलं. पण चौकशीवाल्या बाईंना त्यात फारसा रस नव्हता.

“तुम्ही शिकाऊ होतात, मिस्टर टॅटलो. शिकाऊ माणूस चुकणार, हे धरूनच नियम केलेले असतात.” मग त्या जॅरडकडे वळल्या. त्याची रिकामी बाही टाचणीनं दुमडलेली होती. “तुम्ही जाऊन पाहिलं का नाहीत?”

“सर म्हणाले होते, झालं,” जॅरड म्हणाला.

“कोण सर?”

जॅरडनं मान खाली घातली. खोलीत कुणीतरी कागद उलटला.

बार्टला दंड झाला. जॅरडची मुकादमी गेली, टोळीवर पुन्हा कधी घ्यायचं नाही असं ठरलं. मर्विनला समज देण्यात आली आणि सुरक्षेचं शिक्षण पुन्हा घ्यायला लावलं. माणसं कमी होती. वादळं कमी नव्हती. त्याला कुणी काढलं नाही.

त्यानं राजीनामा लिहिला आणि तो देण्याआधी जॅरडच्या घरी गेला. दार जॅरडच्या बायकोनं, केलिननं उघडलं. तिनं त्याला आत बोलावलं नाही. नुसतीच वळली आणि म्हणाली, “आलाय.”

जॅरड मागच्या पायऱ्यांवर आला. डाव्या हातात बिस्किट होतं, ते त्यानं कुत्र्याला टाकलं.

“जॅरड, मला...” मर्विननं वाक्य घरून ठरवून आणलं होतं. ते काही केल्या येईना. “माझं चुकलं, बाळा.”

“हो.”

“मी नोकरी सोडतोय.”

जॅरडनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “सोड की. घरी बस. पुस्तकं वाच. लोक म्हणतील, बिचाऱ्याच्या मनाला फार लागलं.”

मर्विनला आधी शब्द कळलेच नाहीत. सोड. बस. वाच. इतक्या वर्षांत या पोरानं त्याला अरे-तुरे केलं नव्हतं.

“मला परत खांबावर कुणी चढू देणार नाही,” जॅरड म्हणाला. “माझ्या जागी माणूस येणार नाही. नोएलीन एकटी पडेल. मग कुणातरी नवख्याला घेऊन ती वर जाईल. तुझं एवढं शिकून झालंय, ते कुणाच्या जिवावर झालंय, ठाऊक आहे ना? माझ्या.” त्यानं बाही किंचित उचलली. “सोडायचं तर सोड. मला सांगायला येऊ नकोस.”

“तू माझ्यावर ओरडायला हवं होतंस,” मर्विन म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली.

“हो. तेही माझंच चुकलं,” जॅरड म्हणाला आणि आत गेला.

राजीनामा मर्विननं दिला नाही. जूननं तो टेबलावर पाहिला, आणि काही न विचारता तिथंच राहू दिला. पुढं कधीतरी त्यावर चहाचा डाग पडला.

मर्विन लाइनवर राहिला. परीक्षा पास झाला. नोएलीन मुकादम झाली. ती त्याचं प्रत्येक काम जाऊन पाहायची, त्याच्या देखत, चिमटा न् चिमटा हलवून. तो चिखलात उभा राहून थांबायचा. तिनं मान हलवल्याशिवाय एक पाऊल पुढं टाकायचा नाही. गावात पोरं-सोरं त्याला आता मर्विन म्हणत. सर म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि कुणी चुकून म्हटलंच तर तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

जॅरडला कंपनीनं सामानाच्या कोठीत बसवलं. पहिले काही महिने दोघं एकमेकांना टाळत. नोएलीनच कोठीतून सामान आणायची. एका सकाळी ती आजारी होती, आणि बदलीवर येणारा माणूस अजून पोचायचा होता. मर्विन कोठीच्या खिडकीशी गेला.

“रबरी हातमोजे हवेत.”

जॅरडनं डाव्या हातानं खण ओढला आणि नवी जोडी खिडकीत ठेवली. असा मोजा उघड्या तोंडाकडून गुंडाळून, आत हवा कोंडून, कानाशी धरून बघायचा असतो. सुईएवढं भोक असलं तरी हवा फुसफुसते. पूर्वी जॅरड स्वतः तपासून द्यायचा. त्याला दोन हात लागतात.

मर्विननं एक मोजा उचलला. मोज्याचं तोंड घट्ट गुंडाळलं, पाची बोटं फुगली, ती त्यानं कानाशी धरली. जॅरड खिडकीपलीकडून पाहत होता. आवाज नव्हता. मर्विननं मोजा खाली ठेवला आणि जोडी उचलून निघणार, तेवढ्यात जॅरडनं आपला तळवा दुसऱ्या मोज्यावर ठेवला.

“हा पण,” तो म्हणाला.

मर्विननं सामानाची पिशवी खाली ठेवली. दुसरा मोजा घेतला, गुंडाळला आणि कानाशी धरला. बाहेर बदलीच्या माणसानं गाडीचा भोंगा वाजवला. दोघंही हलले नाहीत. ऐकत राहिले.