चोवीस बोथट गळ

“मनगट ताठ ठेव, अनु. दोर मागं पूर्ण उलगडू दे. घाई केलीस की गुंता.”

हे माझ्या यजमानांचं, सुरेशरावांचं, वाक्य. बारा वर्षांपूर्वी इथं आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या इमारतीमागच्या हिरवळीवर त्यांनी चार शुक्रवार मला रॉड धरायला शिकवलं होतं. गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा. वॉचमन अन्वरभाई हसायचे, “भाभीजी, घास में मछली नहीं मिलेगी.” पाचव्या शुक्रवारी मी गेले नाही. लोकरीपर्यंत ठीक होतं.

यांचा छंद एकच. वर्षातून एकदा चार दिवस जॉर्जियाच्या डोंगरांत जायचं, बर्फाच्या पाण्यात मांडीपर्यंत उभं राहायचं आणि पिसं-दोऱ्यांची खोटी माशी पाण्यावर अलगद उतरवून ट्राउट धरायचा. मूळचे तिथलेच मासे, अंगावर लाल ठिपके. वर्षभर डायनिंग टेबलावर माशा बांधणं चालायचं. कृष्णापुढच्या मोरपिसातल्या काड्यासुद्धा मागून न्यायचे, मीही द्यायचे. धरलेला मासा ते लगेच सोडून देत.

“अहो, पण टोचतं तर खरं ना त्याला?”

“तुझे कान टोचले तेव्हा तू काय मेलीस?”

माझे नेम लग्नाआधीपासूनचे. सकाळी एकशे आठ नामं झाल्याशिवाय पाणी नाही, चातुर्मासात एकवेळ जेवण. दोन वर्षांपूर्वी त्यात मी भर घातली. आपल्या घरातून कुठल्या जिवाला इजा होऊ द्यायची नाही. नेमकी त्याच श्रावणात यांची रजा मंजूर झाली. अडवलं असतं तर भांडण झालं असतं, आणि मला भांडता येत नाही. हे जुमेरा लेक टॉवर्सला ऑफिसात गेल्यावर मी त्यांची डबी उघडली. त्यांचीच बारीक कानस घेतली आणि चोवीसच्या चोवीस गळांची टोकं घासून बोथट केली. एकेका गळाला एक नाम. पिसांखाली काही दिसत नव्हतं. पुण्य केलं, असंच वाटलं मला.

हे परतले. रॉड कोपऱ्यात उभी केली.

“मासे वर येत होते गं. एका डोहात तर एक मोठा सात वेळा आला. माशी तोंडात घ्यायचा, मी उचलायचो, की सुटायचा. हातच गेला माझा.”

उजवा हात त्या वर्षीच जरा थरथरायला लागला होता. पुढं डॉक्टरांनी कंपवात सांगितला, पण यांचा निकाल त्या डोहावरच लागला होता. माशा बांधणं बंद झालं. हाताचे व्यायामही करेनात. “खलास,” म्हणायचे. “हा हात मी नदीत ठेवून आलोय.”

मी दोन वर्षं गप्प राहिले. आजारच तो, आज ना उद्या हात जाणारच होता, असं मनाला सांगत राहिले.

या आषाढात हे बाथरूममध्ये पडले. आधाराचा दांडा हाताशीच होता, पण धरलाच नाही. “धरून काय? सुटणारच,” म्हणाले. त्या दिवशी मी आमच्या लेकीला, ईश्वरीला, सगळं सांगितलं.

“मम्मा! ही थिंक्स इट वॉज हिम. टेल हिम.”

“आता सांगून काय होणार गं?”

“ही’ल नो. दॅट्स ऑल.”

तरी मला अकरा दिवस लागले. एका दुपारी वरणभात भरवता भरवता सांगितलं. यांनी घास गिळला.

“सगळे?”

“चोवीस.”

“म्हणजे तो सात वेळा आला, तेव्हा माझा हात बरोबर होता?”

“बरोबर होता.”

मांडीवर थरथरणाऱ्या हाताकडे हे बघत बसले. मला वाटलं, ओरडतील.

“नको म्हणायचंस, अनु,” हळू आवाजात म्हणाले. “मी गेलो नसतो.”

त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ईश्वरी भरवायची. पाचव्या दिवशी सकाळी मला हाक मारली.

“मला आता पाण्यात उभं राहता येणार नाही. तू जा.”

“मी?”

“त्याच डोहावर. नवी माशी, टोकदार गळ. आला तर उचल, हात ओला करून सोड, कोरड्या हातानं त्याला इजा होते. परत येऊन मला सांग, की तिथं मासा लागतो.”

“अहो, माझा नेम...”

“माझाही होता. वर्षातून चार दिवस.”

माझी नामं व्हायची होती, तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. “जाईन,” म्हणाले. अशा तोंडानं दिलेला शब्द, आता मोडता येणार नव्हता.

माशी त्यांनी सांगितली तशी मी बांधली. चार मोडल्या, पाचवी जमली. टोक रुततंय का, ते त्यांनी स्वतःच्या नखावर ओढून पाहिलं. फार वेळ लागला, पण नखावर पांढरी रेघ उमटली.

आज पहाटे देवापुढे बसले. जिवाला टोचायला निघालेय, क्षमा कर, असं म्हणायचं होतं, पण म्हणवलं नाही. नामं पूर्ण केली, पाणी प्यायले. ईश्वरीला गोळ्यांच्या वेळा पुन्हा सांगितल्या. तिथला वाटाड्या विमानतळावर न्यायला येणार आहे.

हे खिडकीशी खुर्चीत बसले होते, तोंड बाहेर.

“येते,” मी म्हटलं.

 रॉडची लांब नळी खांद्याला अडकवली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.