द्वारपालाची साक्ष

थोरलीचा फोन ठेवला तेव्हा धाकटीचे कान तापले होते.

"औषधाचा चुकीचा डोस माझ्या नावावर चढलाय," इस्पितळात नर्स असलेली थोरली म्हणाली होती. "पेशंट बचावला, पण दुपारी चौकशी आहे. मी तेव्हा खाली एक्स-रेला होते गं! ते म्हणतात, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. नोकरी जाणार माझी. आणि तो कॉम्प्युटरातला राखणदार तूच बनवलास ना?"

धाकटीनेच बनवला होता. कंपनीत त्याला सगळे द्वारपाल म्हणत. त्याचं काम साधं. सकाळी एकदा पासवर्ड आणि फोनवर आलेला कोड द्यायचा, की तो तुमचं ओळखपत्र तयार करून जवळ ठेवणार. मग औषधांचा प्रोग्राम उघडा की तपासण्यांचा, प्रत्येक दारात तोच पुढे होऊन सांगणार, 'या बाईंना मी ओळखतो, आत सोडा.' ढीगभर पासवर्ड पाठ करायला नकोत. धाकटीने एकच नियम हट्टाने घातला होता. स्क्रीन लॉक करून माणूस उठला, की ओळखपत्र फाडून टाकायचं.

तो नियम होईलसाहेबांनी काढायला लावला. हे तिचे वरिष्ठ. कशालाही 'होईल, होईल' म्हणायचे. दर चहानंतर पुन्हा ओळख पटवणं त्यांच्या जिवावर यायचं.

"साहेब, वॉर्डात एका कॉम्प्युटरवर पाच जणी बसतात. लॉक उघडायचा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो," तिने परोपरीने सांगितलं होतं.

"आपापलं लॉगिन करतील की. होईल!"

आणि झालं ते हे. थोरली स्क्रीन लॉक करून गेली. दुसरीने घाईत लॉक उघडलं, समोर औषधांचा प्रोग्राम दिसला, तिने डोस भरला. प्रोग्रामने विचारलं, कोण आहे? द्वारपाल छातीठोकपणे म्हणाला, थोरली.

धाकटी तडक मीटिंगच्या खोलीत शिरली. तिथल्या सामायिक कॉम्प्युटरवर होईलसाहेब नव्या गिऱ्हाइकांना द्वारपालाचं कौतुक दाखवून नुकते मोकळे झाले होते.

"इस्पितळात माझ्या ताईच्या नावावर दुसरीनेच चुकीचा डोस भरलाय. त्यांना आत्ता सांगा, दोष आपला आहे."

"ताई तुझी, म्हणून पुळका! नाव तिचं, जबाबदारी तिची." त्यांनी स्क्रीन लॉक केली. "चहा घेऊन येतो. तोवर शांत हो."

शांत! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्यांच्या खुर्चीत बसली. तिथलं लॉक उघडायचा आकडा शिपायापासून सगळ्यांना पाठ होता. लॉक उघडलं, आणि साहेबांचं ओळखपत्र आत जसंच्या तसं जिवंत! काढलेला नियम परत घालण्याची तिची मागणी कधीची साहेबांच्या मंजुरीवाचून पडली होती. तिने ती मंजूर केली. द्वारपालाने हूं की चूं केलं नाही.

कप घेऊन साहेब परतले आणि स्क्रीन बघून लालबुंद झाले.

"हे कुणी मंजूर केलं?"

"तुम्ही. नाव वाचा."

"मी चहाला गेलो होतो!"

"ती एक्स-रेला गेली होती."

"हा गुन्हा आहे! काढून टाकीन तुला!"

"टाका. त्याआधी मंजुरी रद्द करा. तिथे कारण लिहावं लागतं. लिहा ना, नाव माझं, पण बसली दुसरीच होती."

साहेबांनी कप ठेवला. चहा बशीत सांडला. धाकटीने इस्पितळाचा नंबर लावून फोन त्यांच्यापुढे आपटला.

"हॅलो... हो, द्वारपालवालेच," साहेब शब्द चावत बोलले. "नोंदीत नाव असलं म्हणजे तीच व्यक्ती बसली होती, असं... नाही, तसं सांगता येत नाही. चूक आमच्याकडची आहे." फोन ठेवताना त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की त्या नोकरीत आता फार दिवस उरले नाहीत हे तिला कळलं.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला.

"सुटले."

"ताई, मी त्यांना चांगलं..."

"फुशारकी नको! वॉर्डात पाच जणी असतात हे तुला माहीत होतं, आणि तरी तो नियम काढलास? कुणाच्या हातांनी?"

"माझ्याच," धाकटी म्हणाली.

"उद्या ये वॉर्डात," थोरली अजून धुमसत होती. "आम्ही उठतो कशा, बसतो कशा, दिवसभर उभी राहून बघ. खुर्ची मिळणार नाही!"